स्वर आणि संदेश



जुन्या हिंदी चित्रगीतांचा विषय निघाला की बहुतेकांचा स्वर हळवा होतो. कोणाला ओसरीवरचा रेडिओ आठवतो, कोणाला लग्नमांडवाच्या खांबाला बांधलेला कर्णा, तर कोणाला हॉटेलात चहा संपल्यावरही रेंगाळत ऐकलेली तबकडी. या हळवेपणाला मराठीत ‘स्मरणरंजन’ असा नेमका शब्द आहे. स्मरणरंजन हा काही दोष नव्हे. मात्र स्मरण हे नेहमी निवड करीत असते. ते सूर जपून ठेवते आणि तो सूर ज्या कारणासाठी जन्माला आला, ते कारण पुष्कळदा गाळून टाकते. रायपूरच्या भूमीशी जडलेल्या काही गाण्यांची कथा या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे.

आपल्याकडे पार्श्वगायनाचा प्रारंभ 1935 साली ‘धूप छाँव’ या चित्रपटाने झाला. त्यापूर्वी नटाला स्वतःच गावे लागे. गळा एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा ही सोय झाल्यावर गायनाला मोकळे क्षेत्र लाभले, परंतु गायक मात्र पडद्याआड गेला. 1949 च्या ‘महल’ चित्रपटातील लता मंगेशकरांचे गाणे गाजले, तेव्हा तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे कथेतील पात्राचे नाव छापलेले होते. गायकाला त्याचे नाव परत मिळवून देण्यात श्रोत्यांच्या कुतूहलाचा आणि नभोवाणीचा वाटा मोठा आहे.

त्या काळी गाण्याचे ध्वनिमुद्रण म्हणजे एक सामुदायिक परीक्षाच असे. गायक आणि सारा वाद्यवृंद एकाच वेळी वाजत-गात असे. शेवटच्या ओळीत एखाद्या व्हायोलिनचा सूर ढळला, तरी पहिल्यापासून पुन्हा आरंभ करावा लागे. तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक काही मावत नसे, म्हणून मुखडा, अंतरे आणि मधले वाद्यसंगीत यांची मांडणी काटेकोर ठेवावी लागे. त्या गाण्यांचा घाट आटोपशीर वाटतो, त्याचे एक कारण हेही आहे.

नभोवाणीची कथाही मनोरंजक आहे. 1952 साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्यात जन्मलेले गृहस्थ माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांची नितांत श्रद्धा होती. चित्रगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे मत असल्यामुळे आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी वाद घातला नाही, त्यांनी रेडिओची कळ फिरवून सिलोन केंद्र लावले. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाले’ने अमीन सायानी यांचा आवाज घरोघरी पोहोचविला. अखेर 1957 च्या 3 ऑक्टोबरला ‘विविध भारती’ सुरू झाली आणि चित्रगीते सन्मानाने स्वगृही परतली. फर्माइशीची पत्रे पाठविणाऱ्या गावांत झुमरीतलैयाच्या जोडीने रायपूरजवळच्या भाटापाऱ्याचेही नाव गाजले. रायपूरला आकाशवाणीचे केंद्र 1963 साली आले.

नेमक्या याच सुमारास रायपूर जिल्ह्यातला एक तरुण मुंबईत एक धाडसी बेत आखीत होता. त्याचे नाव मनु नायक. दिग्दर्शक महेश कौल यांच्या चित्रसंस्थेत तो नोकरी करीत होता. 1963 साली पहिल्या भोजपुरी चित्रपटाला मिळालेले यश पाहून आपल्या छत्तीसगढी बोलीतही चित्रपट का निघू नये, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहिला. बोली घरची, पैसा उसनवारीचा आणि अनुभव बेताचा, अशा भांडवलावर ‘कहि देबे संदेस’ या पहिल्या छत्तीसगढी चित्रपटाची सिद्धता सुरू झाली. चित्रण मुख्यतः पलारी गावात झाले. गीते डॉ. हनुमंत नायडू यांनी लिहिली आणि संगीत मलय चक्रवर्ती यांनी दिले.

आता प्रश्न गायकांचा होता. महंमद रफी त्या वेळी कीर्तीच्या शिखरावर होते. ज्या बोलीत एकही चित्रपट निघालेला नाही, त्या बोलीतल्या गाण्यासाठी त्यांच्यासारख्या गायकाकडे जायचे तरी कोणत्या तोंडाने? नायक यांनी पुढे अनेकदा सांगितलेल्या हकीकतीनुसार, त्यांनी संकोचत आपली आर्थिक अडचण रफींच्या कानावर घातली. रफींनी फार चौकशी न करता होकार दिला आणि नाममात्र मानधन घेतले. रफी गाणार म्हटल्यावर इतरांकडे शब्द टाकणे सोपे झाले. मन्ना डे, सुमन कल्याणपूर, महेंद्र कपूर आणि मीनू पुरुषोत्तम या साऱ्यांचे स्वर त्या लहानशा चित्रपटाला लाभले.

या नामावळीत मराठी श्रोत्याला परके असे कोण आहे? सुमन कल्याणपूरांची भावगीते मराठी घरांत देवघरातल्या समईसारखी तेवत राहिली आहेत. श्रीकांत ठाकरे यांच्या संगीतात रफींनी मराठी गीते गायिली, तर दादा कोंडके यांच्या चित्रपटांतून महेंद्र कपूर खेडोपाडी पोहोचले. या गायकांपैकी कोणाचीही मातृभाषा छत्तीसगढी नव्हती. तरीही त्यांच्या गाण्यात बोलीची थट्टा नाही, वा तिच्याविषयी दयाबुद्धीही नाही. हिंदीतल्या मोठ्या चित्रपटासाठी जेवढे मन लावायचे, तेवढेच मन त्यांनी येथेही लावले. जिला शाळेत, कचेरीत आणि वृत्तपत्रात स्थान नव्हते, त्या बोलीचे बोल रफींच्या कंठातून ऐकताना येथील शेतकऱ्याला काय वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. आपली भाषाही गाण्याच्या योग्यतेची आहे, हा विश्वास त्या सुरांनी दिला.

परंतु गाणी ही या चित्रपटाची एक बाजू झाली. त्याचा विषय होता अस्पृश्यता. ब्राह्मण घरातली मुलगी आणि सतनामी समाजातला मुलगा यांच्या प्रेमाची ती कथा होती. ज्या गुरू घासीदासांनी मनुष्यमात्राच्या समतेचा उपदेश केला, त्यांचे जन्मस्थान गिरौदपुरी हे याच परिसरातले. त्यांच्या अनुयायांना मात्र पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेरचे जिणे सोसावे लागले. पोस्टर लागताच विरोधाचे वादळ उठले आणि रायपूरच्या चित्रपटगृहात तो लागणे अशक्य झाले. 1965 च्या एप्रिलमध्ये तो दुर्ग व भाटापारा येथे प्रदर्शित झाला. रायपूरला येण्यास त्याला सप्टेंबर उजाडला. तत्कालीन माहिती व नभोवाणीमंत्री इंदिरा गांधी यांनी त्याचा काही भाग पाहून तो राष्ट्रीय एकात्मतेस पोषक असल्याचा अभिप्राय दिला, असे सांगतात. त्यानंतर विरोधाची धार बोथट झाली.

1971 साली ‘घर द्वार’ हा दुसरा छत्तीसगढी चित्रपट आला. त्याची गीते रायपूरचे कवी हरि ठाकुर यांची, संगीत जमाल सेन यांचे. रफी आणि सुमन कल्याणपूर याही वेळी गायिले. त्यानंतर ही वाट जवळजवळ तीस वर्षे सुनी राहिली. छत्तीसगढ राज्य 1 नोव्हेंबर 2000 रोजी अस्तित्वात आले. त्याच्या तोंडावर, ऑक्टोबरच्या अखेरीस ‘मोर छंइहा भुंईया’ प्रदर्शित झाला, तेव्हा कोठे ती पुन्हा वाहती झाली.

त्या दीर्घ खंडात पहिले दोन चित्रपट पडद्यावरून दिसेनासे झाले. त्यांची गाणी मात्र टिकली, कारण आकाशवाणीच्या रायपूर केंद्राने ती वाजविली आणि श्रोत्यांनी ती पुनःपुन्हा मागितली. ज्यांनी ‘कहि देबे संदेस’ कधी पाहिलाच नाही, अशा हजारो लोकांना त्यातील गाणी ठाऊक झाली. कलेच्या दृष्टीने हा केवढा विजय! पण यातच एक हानीही दडलेली आहे. ज्या घरांनी त्या कथेकडे पाठ फिरविली असेल, त्या घरांतही गाणी आनंदाने गुणगुणली गेली असतील. शीर्षकाचा अर्थ ‘निरोप सांगशील ना’ अशा विनवणीचा आहे. निरोप्याचा गोड आवाज साऱ्यांनी लक्षात ठेवला. निरोप काय होता, हे किती जणांना आठवते?

असे केवळ रायपुरातच घडले असे नाही. बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ 1959 साली आला. त्यातील नायक दूरध्वनीवरून नायिकेला ऐकवितो ते तलत महमूद यांच्या आवाजातले गाणे आजही रसिकांना विव्हल करते. ती नायिका अस्पृश्य मानलेल्या कुळात जन्मलेली आहे, आणि त्यामुळेच दूरध्वनी कानाशी धरून ती निःशब्द रडते आहे, हा संदर्भ गाण्यापासून हळूहळू सुटत जातो. उरते ते मधुर कारुण्य, ज्याची कोणालाच टोचणी लागत नाही.

म्हणून जुन्या गाण्यांवर प्रेम करणाऱ्यांनी ती कमी ऐकावीत, असे मुळीच नाही. ती अधिक ऐकावीत. मात्र ऐकताना तबकडीवरचे सर्व मजकूर वाचावेत. गायकाबरोबर कवीचे नाव आठवावे, संगीतकाराचे आठवावे, आणि ते गाणे कोणत्या माणसांच्या सुखदुःखासाठी रचले गेले, हेही नातवंडांना सांगावे. ‘पूर्वी गाणी कशी चांगली होती’ एवढेच सांगून मुले ऐकत नाहीत. एका उसनवारीच्या चित्रपटासाठी एका थोर गायकाने मानधनाचा विचार बाजूला ठेवला, आणि त्या चित्रपटाने गावातल्या सर्वांत जुन्या भिंतीवर बोट ठेवले, ही कथा मात्र ती कान देऊन ऐकतील.

महंमद रफी 31 जुलै 1980 रोजी निवर्तले. त्यांनी छत्तीसगढीत गायिलेली गाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, पण येथील श्रोत्यांनी ती घरच्या माणसासारखी सांभाळली. स्वर सांभाळण्याचे हे ऋण रायपूरने चोख फेडले आहे. संदेशाचे ऋण अद्याप बाकी आहे, आणि ते फेडण्याची संधी ते गाणे पुन्हा लागेल तेव्हा तेव्हा प्रत्येक श्रोत्याला मिळणार आहे.