न्याहारी आणि व्यायाम
(वाशीम येथील प्रौढ वर्गात दिलेले भाषण)



आज आम्हाला तुमच्याशी एका साध्या गोष्टीविषयी बोलायचे आहे. सकाळी अंगमेहनत करायची, तर पोटात काय असावे? आणि केव्हा असावे?

पहाटे रिसोड रस्त्याला जा. पोरं धावताना दिसतील. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्याची ही तयारी. त्यांतला एक जण आम्हाला म्हणाला, "गुरुजी, उपाशी धावलं की चरबी लवकर जाते." दुसरा भरपेट जेवून लगेच धावतो आणि कुशीत कळ आली म्हणून खाली बसतो.

त्यांना हसण्याचा आम्हाला हक्क नाही. आमची चूक ऐका. आम्ही हेडमास्तर होतो. शनिवारी सकाळची शाळा असे आणि आधी कवायत होई. एकदा कवायतीत एक मुलगा मटकन खाली बसला. आम्हाला वाटले, सोंग करतो. आम्ही त्याला रागावलो आणि वेगळे उभे केले. मागाहून कळले, त्याची आई दिवस उगवायच्या आत निंदणाला गेली होती. पोरगा कोरा चहा पिऊन आला होता. आदल्या संध्याकाळपासून पोटात अन्न नव्हते. ती गोष्ट आम्हाला आजही सलते. कवायत शिकवली, पण काय खाऊन आलास, हे आम्ही विचारले नाही.

आपल्या वऱ्हाडात व्यायामाला मान आहे. अमरावतीला १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले. १९३६ साली त्याचे खेळाडू बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आले. आपल्या तालमीत जोर-बैठकांइतकाच खुराकाला मान असतो. मेहनत आणि खुराक ही बैलजोडी आहे. एक बैल बसला की गाडी थांबली.

आता वेळेचे पाहू. रात्री आठला जेवलात आणि पहाटे पाचला उठलात, तर नऊ तास झाले. यकृतात साखरेचा थोडा साठा असतो. तो रात्रभरात बराच उतरतो. नुसते फिरायला जायचे असेल, तर उपाशी पोटी चालते. पण जोरात धावायचे, बैठका मारायच्या, तर घेरी येऊ शकते. म्हणून अर्धा-एक तास आधी थोडे खावे. एक केळ, किंवा मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा. वर पाणी. भरपेट जेवण झाले असेल, तर मात्र तीन तास थांबावे. मधुमेहाची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल, त्याने आधी डॉक्टरांना विचारावे.

व्यायाम झाला की तास-दोन तासांत खरी न्याहारी करावी. काय खावे? बाजारातला महागडा डबा कशाला? ज्वारीची भाकर आणि बेसन. मटकीची नाही तर हरभऱ्याची उसळ. शेंगदाण्याची चटणी, वाटीभर दही. खाणाऱ्याने अंडे खावे.

अंगाची झीज भरून काढणाऱ्या सत्त्वाला प्रथिन म्हणतात. १०० ग्रॅम हरभऱ्यात ते सुमारे २० ग्रॅम असते. शेंगदाण्यात २५. एका अंड्यात ६. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम लागते. रोज कसून मेहनत करणाऱ्याला ७० ते ९०.

आणि सोयाबीन? त्यात ३६ ग्रॅमच्या वर! आपला जिल्हा सोयाबीन पिकवतो, पोती भरून बाजारात नेतो, आणि घरात दाणा ठेवत नाही. थोडे घरी ठेवा. मात्र कच्चे खाऊ नका. कच्च्या दाण्यात प्रथिन पचू न देणारा अंश असतो. भिजवून चांगले शिजवा. किंवा नऊ किलो गव्हात एक किलो भाजलेले सोयाबीन घालून दळून आणा.

चरबी उतरवायची आहे? मग सरळ हिशेब मांडा. न्याहारी सोडल्याने वजन घटतेच असे नाही, आणि केल्याने वाढतेच असेही नाही. दिवसभरात किती खाल्ले आणि किती राबलो, यावर ते ठरते. दिवसाला पाच कप चहा, कपाला तीन चमचे साखर, म्हणजे पंधरा चमचे. ही ७५ ग्रॅम साखर झाली. एका मोठ्या भाकरीइतकी उष्णता तिच्यात आहे, पण प्रथिन शून्य. भाकर सोडू नका, साखर कमी करा. आणि चहाला न्याहारी म्हणू नका.

शेवटची गोष्ट भगिनींसाठी. धावणाऱ्या पोराला तुम्ही केळ देता, दूध देता. छान करता. पण तुम्ही स्वतः काय खाऊन निंदणाला जाता? पोरगा १६०० मीटर धावतो, ते काही मिनिटांचे काम. तुम्ही दिवसभर उन्हात वाकून राबता. ती मेहनत नव्हे काय? "आधी पोटोबा, मग विठोबा" असे आपण म्हणतो. बाईच्या वाट्याला मात्र दोन्हीच्या मागून उरलेले येते. हे बरे नाही. निघण्यापूर्वी अर्धी भाकर तरी खा. पदरात फुटाणे बांधून न्या. आणि घरच्या पुरुषांनो, ती खाऊन निघाली का, हे विचारणे तुमचे काम आहे.

आता घरचा अभ्यास. उद्या सकाळी पाटीवर घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहा. नावापुढे काय खाल्ले आणि किती वाजता, ते लिहा. आईचे नाव सगळ्यांत वर लिहा. तिच्या नावापुढची जागा कोरी राहू देऊ नका.