जुनी मोटार, नवा धनी

उंची मोटार जुनी झाली की तिची किंमत उतरते. सुट्या भागांची उतरत नाही. म्हणून नव्या धन्याला आम्ही एवढेच सांगू : भाग बदलण्याआधी कारण शोधावे.

हवेच्या सस्पेन्शनची गाडी रात्रीतून एका कोपऱ्यात खचली, तर बहुधा रबरी फुगा चिरलेला असतो. ती गळती भरून काढताना कॉम्प्रेसर जळतो. फुगा तसाच ठेवून नवा कॉम्प्रेसर बसविला, तर तोही जळेल. गॅरेजातला संगणक दाखवितो ते लक्षण. निदान माणसालाच करावे लागते.

तारापूरची खारी हवा वायरींचे जोड गंजविते. पुढच्या काचेखालच्या पन्हळीतला पालापाचोळा आजच काढावा; ती तुंबली की पाणी आत शिरते. हे काम फुकटाचे. न केल्यास होणारा खर्च मात्र मोटारीच्या मूळ थाटाचा असतो.