आरमारी गावातील दोन आद्य छायाचित्रकार



छायाचित्र ही वस्तू आज इतकी सुलभ झाली आहे की, ते घेण्यासाठी माणसाला एकेकाळी रसायनशास्त्र शिकावे लागे, हे मुलांना सांगूनही खरे वाटत नाही. त्या काळाची ओळख एका गावाच्या आधारे करून द्यावी, असा आज माझा विचार आहे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सतराव्या शतकाच्या अखेरीस आरमाराची मोठी गोदी बांधण्यात आली. तिच्याभोवती जे गाव वसले, त्याला १८२४ मध्ये डेव्हनपोर्ट हे नाव मिळाले. आज ते प्लिमथ शहराचा भाग आहे. छायाचित्रणाच्या आरंभकाळातील दोन नामवंत पुरुष याच गावात जन्मले.

पहिले रॉबर्ट हंट. त्यांचा जन्म १८०७ चा. वडील आरमारात अधिकारी होते व समुद्रावरच त्यांचा अंत झाला. मुलाला एका शस्त्रवैद्याच्या हाताखाली उमेदवारी करावी लागली. औषधे कुटता कुटता त्याने रसायनशास्त्र आत्मसात केले. १८३९ मध्ये फ्रान्समध्ये दागेर व इंग्लंडमध्ये टाल्बट यांनी आपापले शोध जाहीर केले, तेव्हा हंट यांनीही प्रयोग आरंभिले आणि १८४१ मध्ये या विषयावर सर्वांना कळेल असे पुस्तक लिहिले. इंग्रजीतील अशा पुस्तकांत ते अगदी आरंभीचे होय.

चांदीचे क्षार लावलेल्या कागदावर प्रकाश पडला, तरी चित्र लगेच दिसत नाही; ते सुप्त असते. त्याला वर आणण्यास दुसरे द्रव्य लागते. हिराकशीने हे कार्य उत्तम होते, असे हंट यांनी १८४४ मध्ये दाखवून दिले. हिरडा व हिराकस यांपासून आपल्याकडे पूर्वी शाई करीत. शाईच्या दौतीतील ती साधी वस्तू चित्रालाही उपयोगी पडली! पुढे खाणीतील कामगारांना शास्त्राचे शिक्षण मिळावे म्हणून १८५९ मध्ये जी संस्था निघाली, तिच्या स्थापनेतही हंट यांचाच पुढाकार होता. स्वतः कष्टाने मिळविलेली विद्या त्यांनी इतरांसाठी मोकळी केली.

दुसरे लिनियस ट्राइप. यांचा जन्म १८२२ चा. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात अधिकारी होते. रजेवर घरी गेले असता ते ही विद्या शिकले व डेव्हनपोर्टच्या परिसराची चित्रे त्यांनी घेतली. १८५५ मध्ये ब्रह्मदेशाच्या राजाकडे गेलेल्या शिष्टमंडळाबरोबर त्यांना चित्रकार्यासाठी पाठविण्यात आले. पुढे मद्रास सरकारने त्यांना आपले छायाचित्रकार नेमले. कागदी निगेटिव्ह, रसायने व अवजड कॅमेरा घेऊन त्यांनी मदुरा, तिरुचिरापल्ली, तंजावर येथील मंदिरे टिपली.

तंजावरचे नाव निघताच मराठी मन जागे होते. व्यंकोजीराजांपासून चालत आलेले तेथील भोसल्यांचे राज्य कंपनीने १८५५ मध्ये खालसा केले, आणि १८५८ मध्ये ट्राइप तेथे पोहोचले. बृहदीश्वराच्या पायथ्याला चोळकालीन तमिळ लेख कोरलेले आहेत. ट्राइप यांनी एकवीस चित्रे एकापुढे एक जोडून त्या लेखांची एक लांब पट्टी तयार केली. अक्षर न् अक्षर टिपले जावे, हा त्यामागील हेतू. हा खर्च परवडत नाही, असे पुढे सरकारला वाटले व १८६० मध्ये ते काम बंद पडले. ट्राइप १९०२ मध्ये डेव्हनपोर्ट येथेच निवर्तले. त्यांची चित्रे मात्र लंडनच्या संग्रहालयांत आजही जतन केलेली आहेत.

या चित्रांत दगड बोलतात. माणसे बहुधा दिसत नाहीत. त्या काळी चित्राला वेळ फार लागे आणि हलणारा माणूस कागदावर उमटत नसे. शिवाय परक्या सत्तेच्या अधिकाऱ्याला मंदिराची उंची मोजता आली, तरी तेथे दिवा लावणाऱ्याचे नाव कोण सांगणार?

आपले कार्य येथे सुरू होते. आपल्या गावच्या शिवेवर वीरगळ असेल, बारवेत शिलालेख असेल, शाळेची कौलारू जुनी इमारत असेल. आज त्यावर तैलरंग फासला जाईल, उद्या रस्त्याच्या कामात ते पुरले जाईल. एकदा अक्षर बुजले की ते पुन्हा वाचता येत नाही. मुलांना घेऊन जा. सकाळच्या तिरप्या उन्हात कोरीव अक्षरे उठून दिसतात, तेव्हा चित्र घ्या. दगडाला खडू वा रंग लावू नका. लांबी-रुंदी दोरीने मोजा. मग वहीत तारीख, ठिकाण, दिशा व माहिती सांगणाऱ्या वृद्धाचे नाव त्याच्या अनुमतीने लिहून ठेवा. नोंदीवाचून चित्र मुके असते.

हंट यांनी रीत सांगितली, ट्राइप यांनी ती चिकाटीने वापरली. गावाला नावानिशी ओळखणारा शिक्षक या दोहोंत आपली भर घालू शकतो. ती प्रत्येक शाळेत पडावी, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.