व्हेंटिलेटरच्या आड झिजणारं श्वासपटल

परिषदेला जमलेल्या परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, तंत्रज्ञ आणि डॉक्टर सहकाऱ्यांनो,

आज मला एकाच स्नायूबद्दल बोलायचं आहे: श्वासपटल, ज्याला आपण वॉर्डात डायफ्राम म्हणतो. निरोगी प्रौढ माणसात मिनिटाला 12 ते 20 वेळा, झोपेतही न थांबता ते काम करत असतं. आपण श्वासनलिकेत नळी घालतो, गुंगीचं औषध सुरू करतो, आणि आयुष्यभर न थांबलेला हा स्नायू एका दुपारीत निष्क्रिय होतो.

त्याची किंमत किती लवकर मोजावी लागते, हे 2008 साली सॅनफर्ड लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. मेंदू मृत झालेल्या 14 अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे त्यांनी तपासले. हे दाते 18 ते 69 तास व्हेंटिलेटरवर होते. शस्त्रक्रियेपुरते दोन-तीन तास मशीनवर असलेल्या माणसांशी तुलना केली, तेव्हा त्यांच्या स्नायुतंतूंच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी भरलं. छातीवरच्या मोठ्या स्नायूत मात्र तशी झीज नव्हती. म्हणजे सगळं शरीर आजारी होतं म्हणून हे घडलं, असं म्हणून सुटता येत नाही. हे दाते पूर्ण निष्क्रिय होते, आपला प्रत्येक रुग्ण तसा नसतो, हे मान्य. तरीही तीन दिवसांच्या आतला हा ऱ्हास मला अस्वस्थ करतो, कारण पहिल्या तीन दिवसांत आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात श्वासपटल येतही नाही.

अतिदक्षता विभागाचा उगमच श्वासाच्या स्नायूंच्या दुबळेपणात आहे. 1952 साली कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओची लाट आली, तेव्हा बियर्न इब्सेन यांनी गळ्याला छेद घेऊन नळी टाकायची आणि पिशवी दाबून हवा द्यायची पद्धत सुरू केली. वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. तिथे स्नायू आधी निकामी झाला आणि यंत्र नंतर आलं. 2025च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गीयाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हाही क्रम तोच होता. मण्यार चावलेला शेतकरी येतो तेव्हाही तोच. हे रुग्ण आपण चटकन ओळखतो. न्यूमोनियाचा किंवा सेप्सिसचा जो माणूस दारातून आत आला तेव्हा श्वासपटल धड होतं, आणि आठवड्याभरात राहिलं नाही, तो आपल्या नजरेतून निसटतो. एक्स-रे स्वच्छ, ऑक्सिजन चांगला, ताप उतरलेला. नळी काढायची वेळ येते आणि आपण त्याला स्वतःहून श्वास घ्यायला लावून बघतो, तेव्हा तो अर्ध्या तासात धापा टाकू लागतो, आणि आपण फाइलमध्ये लिहितो, ‘चाचणी अयशस्वी’. अयशस्वी नेमकं काय झालं, याची नोंद राहून जाते.

मार्टिन ड्रेस यांच्या गटाने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा पहिल्याच चाचणीच्या वेळी 76 रुग्ण तपासले. 63 टक्क्यांचं श्वासपटल दुबळं होतं, हातापायांचे स्नायू दुबळे असलेले 34 टक्के. म्हणजे हाताची पकड घट्ट आहे म्हणून श्वासाची ताकदही असेल, हा अंदाज चुकतो. मोजायला हवं. आणि मोजणं अवघड नाही: एकतर्फी झडप लावून आत ओढण्याचा जास्तीत जास्त दाब बघता येतो, नाहीतर सोनोग्राफीचा प्रोब उजव्या काखेच्या रेषेत खालच्या बरगड्यांमध्ये धरून आत श्वास घेताना श्वासपटल जाड होतं का, ते दिसतं.

उलट बाजूही सांगायला हवी. गुंगी एकदम कमी करून रुग्णाला मशीनशी झगडायला लावलं, तर अतिश्रमानेही हाच स्नायू जखमी होतो. त्याला काम हवं, झेपेल एवढंच. म्हणून मला सकाळची गुंगी-बंदी आणि श्वासाची चाचणी जोडीने हवी आहे. जॉन क्रेस यांच्या 2000 सालच्या चाचणीत रोज गुंगी थांबवलेल्या गटाचे व्हेंटिलेटरवरचे दिवस सुमारे 7.3 वरून 4.9 वर आले. आपल्याकडे नातेवाईक मंगळसूत्र गहाण ठेवून एकेका दिवसाचं बिल भरतात. वाचलेल्या दोन दिवसांचा अर्थ त्यांना विचारा.

आणि ज्यांची नळी निघतच नाही? 2011 साली डॅनियल मार्टिन यांच्या फ्लोरिडातील गटाने अशा 69 रुग्णांपैकी काहींना ठरावीक दाबाविरुद्ध श्वास ओढण्याचा व्यायाम दिला. सहा ते दहा श्वासांचे चार संच, आठवड्यातून पाच दिवस. व्यायाम केलेल्यांपैकी 71 टक्के यंत्रावरून सुटले, नुसता नावापुरता व्यायाम केलेल्यांपैकी 47 टक्के. चाचणी लहान आहे, पण महागडं औषध नाही, उपकरण मुठीत मावतं, आणि ते वापरणारे हात या सभागृहात बसले आहेत.

तेव्हा परिषदेने दोन ठराव करावेत, अशी माझी विनंती आहे. अतिदक्षता विभागाच्या रोजच्या तक्त्यात रक्तदाब आणि लघवीच्या शेजारी श्वासाच्या दाबाचा एक रकाना असावा, आणि रुग्णाला शुद्ध येताच तो भरायला सुरुवात व्हावी. दुसरं, फिजिओथेरपिस्टला बोलावण्यासाठी चौथ्या-पाचव्या दिवसाची आणि डॉक्टरांच्या वेगळ्या चिठ्ठीची वाट बघावी लागू नये. दाखल झाल्याच्या पहिल्या राउंडला ते पलंगाशी हजर असावेत, रविवारीसुद्धा. दोन्ही ठरावांचे मसुदे मी सचिवांकडे दिले आहेत. दुपारच्या सत्रात त्यावर मोकळेपणाने बोला.