चुंबक, मेंदू आणि अडलेला हात

पक्षाघातातून माणूस वाचतो, हळूहळू चालूही लागतो. पण मूठ मात्र पुष्कळदा उघडत नाही. सदऱ्याचं बटण लावायलासुद्धा घरच्यांना हाक मारावी लागते. मग कुणीतरी सांगतं, “डोक्यावर चुंबक धरतात म्हणे, त्यानं हात सुटतो!” यात तथ्य किती?

१९८५ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड इथं अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र दाखवलं. तारेचं वेटोळं डोक्याला टेकवायचं आणि त्यातून क्षणभर जोरदार वीज सोडायची. चुंबकीय लहर कवटीपार जाते, आत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण करते आणि बोट आपसूक हलतं. ना चिरफाड, ना भूल.

याचा पक्षाघाताशी संबंध असा: मेंदूचे दोन्ही अर्धभाग एकमेकांवर लगाम ठेवतात. पक्षाघातानं एक दुबळा झाला की दुसरा शिरजोर होऊन त्याला आणखी दाबतो, असा तज्ज्ञांचा कयास. म्हणून निरोगी बाजूला सेकंदाला एक अशा संथ लहरी देऊन शांत करायचं, किंवा दुखावलेल्या बाजूला वेगवान लहरींनी चेतवायचं.

यातल्या पहिल्या पद्धतीची अमेरिकेतल्या १२ केंद्रांत, पक्षाघाताला काही महिने उलटलेल्या १९९ रुग्णांवर परीक्षा झाली. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. काहींना खऱ्या लहरी दिल्या, काहींना लटक्या. हाताचा व्यायाम मात्र सगळ्यांकडून नेमानं करून घेतला. सहा महिन्यांनी पाहिलं, तर खऱ्या लहरीवाल्यांपैकी ६७ टक्के आणि लटक्या लहरीवाल्यांपैकी ६५ टक्के रुग्णांचा हात ठरलेल्या मापानं सुधारला होता. म्हणजे जवळजवळ बरोबरीच!

यावरून सगळं तंत्रच निकामी ठरत नाही. इतर पद्धतींवर, इतर टप्प्यांतल्या रुग्णांवर संशोधन चालू आहे. पण दोन्ही गटांत समान होता तो सराव, हे विसरू नका. झटक्याला महिने उलटले तरी हात सुधारू शकतो, ही त्यातली मोलाची गोष्ट.

तेव्हा कुणी हा उपचार सुचवला, तर आधी मेंदुविकारतज्ज्ञांना भेटा. फिट येत असेल, डोक्यात धातूची क्लिप किंवा छातीत पेसमेकर असेल, तर ते आवर्जून सांगा. आणि एक प्रश्न विचारा: यंत्रासोबत हाताचा सराव रोज किती आणि कोण करून घेणार? उत्तर गुळमुळीत आलं, तर तेच पैसे फिजिओथेरपीसाठी राखून ठेवा.