घामाचें कार्य

घाम म्हटला कीं सुशिक्षित माणसाच्या कपाळास आठी पडते. तो पुसावा, लपवावा, सुगंधी द्रव्यांनीं झांकावा, एवढेंच त्याच्याविषयीं बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु उन्हाळ्यांत मनुष्याचे प्राण वांचविणारा पहारेकरी तोच होय. तो आपलें काम कसें करतो, आणि कोणत्या प्रसंगीं त्याचें कांहीं चालत नाहीं, हें प्रत्येक घरांत ठाऊक असावयास हवें.

१७७४ सालीं लंडन शहरांत चार्ल्स ब्लॅग्डेन या वैद्यानें एक धाडसी प्रयोग केला. एका खोलींतील हवा फॅरनहाइटच्या २६० अंशांपर्यंत, म्हणजे पाण्याच्या उत्कलनबिंदूहूनही ४८ अंश अधिक, तापविण्यांत आली. ब्लॅग्डेन तींत आठ मिनिटें राहून सुखरूप बाहेर आला. त्याच खोलींत ठेवलेलीं अंडीं मात्र सुमारें वीस मिनिटांत भाजून कठीण झालीं!

तेथें मातीच्या भांड्यांत पाणीही ठेविलें होतें. साधें पाणी तासाहून अधिक वेळ उत्कलनबिंदूच्या बरेंच खालीं स्थिर राहिलें. त्यावर थोडें तेल टाकल्यावर मात्र वाफ निघण्याची वाट बंद झाली, आणि तें पाणी अखेरीस खळखळां उकळूं लागलें. सारें रहस्य येथेंच आहे. पाण्याची वाफ होतांना ती उष्णता बरोबर घेऊन जाते. आपल्याकडील गृहिणीस हें नवें नाहीं. माठ पाझरतो, तें पाझरलेलें पाणी वाऱ्यानें सुकतें, आणि म्हणूनच आंतलें पाणी गार होतें.

मानवी देह हाही असाच एक माठ आहे. त्वचेमध्यें वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथि असतात. शरीराचें आंतील उष्णतामान सुमारें ३७ अंश सेल्सिअस राहावें लागतें. तें वाढूं लागतांच मेंदूच्या तळाशीं असलेलें एक लहानसें केंद्र या ग्रंथींस आज्ञा देतें, आणि घाम स्रवूं लागतो. एक लिटर घाम अंगावर पूर्णपणें वाळला, तर तो सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता काढून नेतो. तेवढ्या उष्णतेनें बर्फाइतकें थंड असलेलें जवळजवळ सहा लिटर पाणी उकळीस येईल!

पण यांत ‘वाळला तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अंगावरून निथळून जमिनीवर पडलेला घाम व्यर्थ गेला. विदर्भाच्या कोरड्या हवेंत घाम झपाट्यानें वाळतो; तेथें भय असतें तें शरीरांतील पाणी व मीठ कमी होण्याचें. उलट कोंकणपट्टींत हवाच बाष्पानें भरलेली असते. तेथें पारा कमी चढूनही घाम वाळत नाहीं आणि देह तापत जातो. १६ एप्रिल २०२३ रोजीं नवी मुंबईंतील खारघर येथें, उघड्या मैदानावरील एका समारंभानंतर, उष्माघातानें १४ जणांचे प्राण गेले. त्या दिवशीं त्या भागांत पारा ३८ अंशांच्या आसपासच होता. केवळ पाऱ्याच्या आंकड्यावर विसंबून राहूं नये, हा धडा फार मोठ्या किंमतीनें मिळाला.

म्हणून उन्हाळ्यांत सैल सुती कपडे वापरावे, वारा खेळता ठेवावा आणि तहानेची वाट न पाहतां पाणी प्यावें. फार घाम गेल्यास मीठ घातलेलें ताक किंवा लिंबाचें सरबत घ्यावें. उन्हांत कोणी असंबद्ध बोलूं लागला, वा त्याची शुद्ध हरपली आणि अंग तापलेलें लागलें, तर घाम येत असला तरीही तो उष्माघात समजावा. त्यास तत्काळ सावलींत न्यावें, कपडे सैल करावे, अंगावर पाणी शिंपडून जोरानें वारा घालावा आणि विनाविलंब डॉक्टरांकडे पोहोंचवावें. बेशुद्धाच्या तोंडांत मात्र पाणी ओतूं नये.

ओलें अंग आणि त्यावर वारा, हाच निसर्गाचा उपाय होय. घाम पुसण्यास रुमाल खुशाल जवळ बाळगावा. परंतु त्याहून अधिक काळजी घ्यावी ती घामास वाळूं देण्याची.