टॅब माह्या बोटानं काहून चालत नाही?



व्याख्यानाआधी संयोजकांनी श्रोत्यांकडून चिठ्ठ्या मागवल्या होत्या. टॅब पहिल्यांदा हाती आला की काय काय विचारावंसं वाटतं, एवढाच विषय. अकोल्याच्या चिठ्ठ्या आल्या, अमरावतीच्या आल्या, मूर्तिजापूर-दर्यापूरकडच्याही आल्या. सगळ्या आज होणार नाहीत. मात्र एक सगळ्यात आधी घेतो. लिहिलंय, "पोट्ट्याच्या बोटानं टॅब चालते, माह्या बोटानं काहून नाही चालत?"

याला घरोघरी ठरलेलं उत्तर मिळतं, तुम्हाला सवय नाही. ते उत्तर अर्धवट आहे आणि विचारणाऱ्याला उगाच खाली पाहायला लावतं. टॅबच्या काचेखाली विजेच्या वाहकाची एक पारदर्शक, अतिशय बारीक जाळी असते. बोट काचेला टेकलं की त्या जागेचं विद्युतक्षेत्र किंचित बदलतं आणि टॅबला स्पर्श कळतो. किती जोर लावला याला तिथे काही अर्थ नाही. कापूस वेचून, निंदण करून ज्या बोटांना घट्टे पडले, ज्यांची कातडी कोरडी आणि जाड झाली, त्या बोटांनी हा बदल फार थोडा होतो. वय वाढलं की कातडी कोरडी पडते, तिथेही हेच. टॅब ऐकत नाही म्हणून माणूस जोरात आणि जास्त वेळ दाबतो. मग टॅबला वाटतं याला दुसरंच काही हवंय, आणि तो भलतीच यादी उघडून बसतो.

उपाय साधे आहेत. हात धुऊन पुसून घ्या, किंचित ओलसर बोट बरं चालतं. नखाचं टोक नको, पेराचा मऊ भाग टेकवा आणि लगेच उचला. जाड स्क्रीनगार्ड असेल तर काढून पाहा. सेटिंगमध्ये सुलभतेचा विभाग असतो, तिथे 'स्पर्श करून धरून ठेवण्याचा' वेळ वाढवता येतो. काही टॅबमध्ये स्पर्शाची संवेदनशीलताही वाढवता येते. एवढ्याने नाही भागलं तर रबरी टोकाचा स्टायलस घ्या. मुलांना माझी विनंती आहे, आईवडिलांच्या हातातून टॅब ओढून "दे, मी करून देतो" म्हणू नका. आधी त्यांचं बोट पाहा.

दाबायची सवय काहींना जुन्या टॅबमुळेही लागली असेल. 5 ऑक्टोबर 2011 रोजी दिल्लीत कपिल सिब्बल यांनी 'आकाश' टॅबचं अनावरण केलं तेव्हा विद्यार्थ्यांसाठी स्वस्त संगणक म्हणून देशभर चर्चा झाली. त्या पहिल्या आकाशचा पडदा दाबावर चालणारा होता आणि रॅम होती 256 एमबी. पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत पडदाही बदलला आणि रॅमही दुप्पट झाली. निव्वळ किंमत पाहून टॅब घेऊ नये हे त्या अनुभवातून शिकण्यासारखं आहे.

रॅम आणि स्टोरेज यांत काय फरक, अशा तीन-चार चिठ्ठ्या आहेत. स्टोरेज म्हणजे घरातली कोठी आणि रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. कोठीत कितीही धान्य भरा, ओटा इतभर असेल तर एका वेळी दोन भांडी मांडता येत नाहीत. दुकानदार कोठीचा आकडा मोठ्याने सांगतो. तुम्ही ओट्याचाही विचारा. आणि तिसरी गोष्ट विचारा, सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार? हा प्रश्न फार थोडे ग्राहक विचारतात.

जुना टॅब विकत घेणाऱ्यांनी एक पाहावं. आधीच्या मालकाने आपलं गुगल खातं न काढताच तो पुसला असेल, तर सुरू करताना त्याच खात्याचा पासवर्ड मागितला जातो आणि टॅब तिथेच अडतो. पैसे देण्याआधी समोर सुरू करून घ्या.

आता उन्हाचं बोलतो. यावर एकही चिठ्ठी नाही, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त टॅब यानेच बिघडत असावेत असं मला वाटतं. अ‍ॅपल आपल्या आयपॅडसाठी सांगते की तो 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा आणि बंद ठेवायचा झाला तरी 45 अंशांच्या वर ठेवू नये. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 ओलांडतो, तोही सावलीतला. टिनाच्या छपराखाली, गाडीच्या डिकीत, बंद कारमध्ये काय होत असेल ते तुम्हीच ताडा. आतली लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने कायमची क्षीण होते, कधी फुगते आणि मागचं झाकण उचलतं. फुगलेला टॅब चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका, सरळ दुरुस्तीला न्या. उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे किंवा रात्री उशिरा करा, कव्हर काढून, फरशीवर. गादीवर किंवा उशीखाली मुळीच नको. तापलेला टॅब काही जण फ्रीजमध्ये ठेवतात. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि तो तेवढ्यानेच जातो. कूलरच्या थेट झोतातही ठेवू नका, तिथली हवा दमट असते.

"सिम नसलेला टॅब चालेल का?" चालेल. फोनचा हॉटस्पॉट सुरू केला की टॅबला इंटरनेट मिळतं. फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅपही टॅबला जोडता येतं. पण कुणी म्हणेल, टॅब बांधावर नेऊन ई-पीक पाहणी करतो, तर थांबा. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या या नोंदणीत पिकाच्या फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश लागतात. प्रत्येक टॅबमध्ये जीपीएस असतंच असं नाही. केवळ वाय-फायवर चालणाऱ्या आयपॅडमध्ये तर ते नसतं. शिवाय भर उन्हात एवढ्या मोठ्या काचेवर काही दिसत नाही. बांधावर फोनच बरा.

मग टॅब कशासाठी? माझं मत विचाराल तर वाचनासाठी, आणि तेही घरातल्या वयस्कांच्या. नागपूरची महाज्योती संस्था जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीची तयारी करणाऱ्या इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागासवर्गातल्या विद्यार्थ्यांना टॅब देते, सोबत रोज 6 जीबी डेटा. आपल्या खेड्यापाड्यांत टॅब पोचला तो बराचसा अशा वाटेने. शिकणाऱ्याचं काम आधी, यात वाद नाही. पण परीक्षा आटोपल्यावर तो टॅब कपाटात पडून राहतो आणि त्याच घरात मोतीबिंदू झालेले आजोबा वर्तमानपत्र डोळ्यांना चिकटवून वाचतात, हे मला पाहवत नाही. टॅबवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. मराठी विश्वकोशाचे वीसही खंड इंटरनेटवर मोफत वाचता येतात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत उतरवून घेता येतात. आपण सातवीत शिकलो तो इतिहास आणि आता नात शिकते तो, दोन्ही शेजारी ठेवून पाहणारी आजी मला फार मोलाची वाटते. अनेक अँड्रॉइड टॅबवर घरातल्या दुसऱ्या माणसासाठी वेगळा वापरकर्ता तयार करता येतो, म्हणजे मुलाच्या अभ्यासाला धक्का लागत नाही. योजनेतल्या टॅबवर काही गोष्टी बंद ठेवलेल्या असू शकतात, तेवढं आधी विचारून घ्या.

नेटवर्क नसेल तर? धारणी-चिखलदऱ्याकडून आलेल्यांना हा प्रश्न पडणारच. वाय-फाय मिळेल तिथे पुस्तकं उतरवून घ्या, यूट्यूबचे व्हिडिओ त्याच अ‍ॅपमध्ये डाउनलोड करून ठेवा, नकाशाचा आपला भाग साठवून ठेवा. नंतर इंटरनेट नसलं तरी हे चालतं. मराठी लिहिण्यासाठी कीबोर्डात मराठी भाषा जोडा आणि माइकचं चिन्ह दाबून बोला. आपण वऱ्हाडी बोललो तर काही शब्द चुकीचे उमटतील. तेवढे बोटाने सुधारून घ्या, बोलायचं मात्र सोडू नका.

शेवटची चिठ्ठी एका ताईंची आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी नंबरवरून लग्नपत्रिका आली, उघडू का? ताई, फाइलच्या नावाचं शेपूट पाहा. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ. शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नाही, ते अ‍ॅप आहे. पीएम किसानच्या नावानेही अशा फाइल फिरतात. ते अ‍ॅप बसवून मागेल त्या परवानग्या दिल्या की बँकेचे ओटीपीचे संदेश दुसऱ्याच्या हाती जातात. चुकून बसवलंच असेल तर लगेच इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. फोन जितका लवकर जाईल, तितकी पुढे सरकणारी रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. हा नंबर आज घरी गेल्यावर कागदावर ठळक लिहा आणि टॅबच्या कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटवून टाका.